पांढऱ्या बोटाचा मान

माझ्या मिस्त्रीने मला फसवले. दगड कापायचा ग्राइंडर माणसाच्या बोटांचे काय करतो हे त्याला ठाऊक होते. तरी अकरा वर्षे त्याने ते मशीन माझ्या हातात दिले आणि स्वतः खडू-दोरी घेऊन उभा राहिला. आज त्याची दहाही बोटे शाबूत आहेत आणि माझी तीन बोटे थंडीत मरतात. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागाच्या भरात मी सावनेरला गेलो होतो, ते पुढे येईल.

मनीषनगरात माझे ग्रॅनाइटचे दुकान आहे. त्या बाजूला रोज नवी इमारत उभी राहते आणि प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकाचा ओटा लागतो. मी ओटे करून देतो. दहावीनंतर शाळा सुटली, बापाकडे द्यायला काही नव्हते, तेव्हा जे काही आहे ते माझ्या हातांचे आहे. हे मी सगळ्यांना सांगतो, कोणी विचारले नाही तरी सांगतो.

पण माझे खरे नाव झाले ते ओट्यांमुळे नाही, खरेदीमुळे. दगडाच्या यार्डात स्लॅब उभ्या लावलेल्या असतात, पॉलिश अशी की त्यात तोंड दिसावे. काही स्लॅबना आतून केसासारखा तडा असतो. माल पाठवणारे तो तडा केमिकलने भरतात आणि वरून पॉलिश मारतात. डोळ्याला तो दिसत नाही. मला तो बोटाला कळायचा. मी डोळे मिटायचो, उजव्या हाताची मधली तीन बोटे वरून खाली ओढत न्यायचो, आणि भरलेली जागा आली की बोट किंचित अडखळायचे. दगड गार असतो, केमिकल तितके गार नसते. तिथे खडूने रेघ मारायची आणि मग भावाचे बोलायचे. यार्डवाले मला पाहिले की आपसात म्हणत, "आला बे बोटवाला, चहा सांगा, भाव पाडल्याशिवाय जात नाही हा." मला ते आवडायचे. भांडून, ओरडून, दोनदा गेटापर्यंत परत जाऊन मी भाव पाडायचो, पण त्या भांडणाखाली माझी तीन बोटे उभी असायची. त्यांनी कधी दगा दिला नव्हता.

मागच्या जानेवारीत दिला. सकाळी लवकर यार्डात गेलो होतो, हवा अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. काळ्या स्लॅबवर हात फिरवला. सगळे एकसारखे गुळगुळीत लागले. मी माल पसंत केला. चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात सिंकचे भोक कापताना स्लॅब वरपासून खालपर्यंत फाटली, सुपारी फुटावी तशी. घरच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणत होते, डोळे मिटून तडा सांगतो. डोळे जरा जास्तच मिटले वाटते."

मी तसाच यार्डात गेलो आणि मालकावर ओरडलो. तो शांतपणे खुर्चीत बसून होता. म्हणाला, "भाऊ, हात तर तुम्हीच फिरवला होता. मी तर तुमच्या बोटाच्या भरोशावर ती स्लॅब तपासलीबी नाही." त्याचे दोन हमाल हसले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तेव्हाच माझे लक्ष माझ्या हाताकडे गेले. तीन बोटे दुसऱ्या पेरापासून वर पांढरी पडली होती. मेणबत्तीसारखी पांढरी, खाली एकदम कापल्यासारखी रेघ, आणि रेघेखाली माझा नेहमीचा काळासावळा हात.

ही बोटे पांढरी होण्याची गोष्ट मला नवी नव्हती. मशीनवर असताना हिवाळ्यात ती होत असत. पण आता मशीन हातात घेऊन कितीतरी वर्षे झाली होती. माझी समजूत होती की हे मशीन धरेपर्यंतचे असते. आपण मालक झालो, मशीन दुसऱ्याच्या हातात गेले, की बोटे आपोआप मोकळी होतात.

बायकोने मला प्रताप नगरात एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. मी जात नव्हतो. ती म्हणाली, "दगडाची परीक्षा डोळे मिटून करता, स्वतःच्या हाताची तरी डोळे उघडून करा."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी आधी माझ्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच ठेवला. हात फिका पडला, आत मुंग्या आल्या. मग त्यांनी हवा सोडली. पाहता पाहता हात लालबुंद झाला, आधी होता त्यापेक्षाही लाल.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "हे जास्तीचं रक्त कोणी पाठवलं?"

"दिलानं," मी म्हणालो.

"दिलाला तर पत्ताही नाही. दिल फक्त ढकलतो. कुठे किती जायचं हे त्याच्या हातात नाही." मग त्यांनी कागदावर झाड काढले, खोड, फांद्या, काड्या. रक्ताच्या नळ्या बारीक होत जातात, आणि अगदी शेवटच्या, केसाहून बारीक नळ्यांच्या थोडे आधी ज्या नळ्या असतात, त्यांच्या भिंतीला स्नायूचे कडे असते. कडे आवळले की पुढे रक्त कमी जाते, सैल पडले की जास्त. सगळा व्यवहार त्या कड्यावर. "तुमच्या हाताचं रक्त मी अडवलं. तेवढ्या वेळात हाताला प्राणवायू कमी पडला, आत जे जळतं त्याचा कचरा साचला. तो कचराच कड्यांना सांगतो, सोडा, उघडा. म्हणून पट्टा निघताच रक्त धावलं. ज्याला गरज, त्यानंच मागितलं आणि त्याला तिथल्या तिथे मिळालं. मोठ्या साहेबाला विचारायला कोणी गेलं नाही."

हे मला पटकन समजले. मी असाच जगलो आहे. कोणाच्या ओळखीची चिठ्ठी घेऊन मी कुठे गेलो नाही. जिथे उभा राहिलो तिथे मागितले, भांडलो आणि घेतले. माझ्या हाताच्या आत हजारो नळ्या असा सौदा रोज करतात हे ऐकून मला त्या खोलीत, त्या परिस्थितीतही, बरे वाटले.

"मग माझी बोटं काहून मागत नाहीत?" मी विचारले.

"मागतात. कोणी ऐकत नाही." त्यांनी सांगितले ते असे. कड्याला दोन बाजूंनी सांगावे येतात. वरून मज्जातंतू सांगतात, थंडी आहे, बोटे बंद करा, पोटातली ऊब वाचवा. हे सगळ्यांच्या शरीरात होते आणि ते योग्यच आहे. आणि आतून नळीचे स्वतःचे अस्तर सांगते, आता सैल पड. हे अस्तर त्यासाठी एक वायू तयार करते, क्षणभर टिकणारा, तेवढ्याच जागेपुरता. निरोगी हातात दोघांची ओढाताण चालते आणि मधला मार्ग निघतो. मशीनच्या थरथरीने वर्षानुवर्षे मार खाल्ला की अस्तर बिघडते, मज्जातंतूही बिघडतात. मग थंडीचा वरचा हुकूम दुप्पट जोराने पाळला जातो आणि सैल पड म्हणणारा आतला आवाज क्षीण होतो. कडे पूर्ण आवळते. बोट पांढरे, मग निळसर, मग केव्हातरी सुटते आणि लाल होऊन आत तिखट भरल्यासारखे ठणकते. "आणि मज्जातंतू बिघडले की स्पर्शही बोथट होतो," त्या म्हणाल्या. "दगड गार की कमी गार, हे आता तुमचं बोट खात्रीनं सांगणार नाही."

मग त्यांनी विचारले, मशीन कोरडे चालवत होतो की पाणी टाकून. पाणी टाकून, मी म्हणालो, धूळ उडू नये म्हणून, हिवाळ्यातही, टाकीचे. त्यांनी लिहून घेतले. तंबाखू? मी म्हणालो, खर्रा, सुपारीत घोटलेला. किती? मी हातानेच दाखवले. त्यांनी पेन खाली ठेवले.

"तंबाखू तेच कडं आवळते, भाऊ. थरथर, गार पाणी आणि वर खर्रा. कोणी ठरवून बोटं मारायची म्हटली तर याहून वेगळं काय करेल?"

बोलता बोलता त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला, मधल्या बोटाचे नख अंगठ्याने दाबले, सोडले, आणि मान थोडी तिरपी करून नखाखाली रंग परत केव्हा येतो ते पाहत राहिल्या.

तो दाब मला ओळखीचा होता.

मिस्त्री रोज सकाळी हेच करायचा. हिवाळ्यात आम्ही साइटवर जमलो की तो माझा हात धरायचा, मधले बोट पुढे ओढायचा, नख दाबायचा आणि सोडायचा. मान अशीच तिरपी. मग पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "चाल गा, घे मशीन." अकरा वर्षांत त्याने इतर कोणाचे नख दाबलेले मी पाहिले नाही. मला वाटायचे हा त्याचा जीव आहे माझ्यावर. मी बापाच्या हातचे असे काही अनुभवले नव्हते, त्यामुळे ते सकाळचे अर्धे मिनिट मला साऱ्या दिवसाला पुरायचे. लग्नानंतर बायकोलाही मी हे कौतुकाने सांगितले होते.

आणि त्याने एक रीत पाडली होती. कामात कोणाचे बोट पांढरे पडले की मिस्त्री हात वर करून मशीन बंद करायला लावायचा. "बोट झोपलं बे याचं," म्हणायचा. मग ज्याचे बोट झोपले त्याला पहिला चहा, आणि मिस्त्रीच्या स्वतःच्या प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा, ऊब यावी म्हणून. हा मान होता. बाकीचे चिडवायचे, "मालकाचं बोट झोपलं, अंगाई म्हणा गा कोणीतरी." आणि तरी प्रत्येकाला आपले बोट झोपावे असे वाटायचे, कारण मिस्त्री आपली पन्नी एरवी कोणाला देत नसे. मला पहिला खर्रा त्यानेच दिला. त्याआधी मी सुपारीही खात नव्हतो. चहाच्या गरम काचेच्या ग्लासाभोवती मी बोटे गुंडाळायचो, गालात खर्रा धरायचो, आणि रंग परत यायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो आहे हे मला कळायचे नाही. मिस्त्री मात्र पाहत असायचा. मिस्त्रीने स्वतः कधी खर्रा फार खाल्ला नाही. पन्नी खिशात असायची, ती आमच्यासाठी. मशीन तर त्याने माझ्यासमोर एकदाही धरले नाही. आम्ही म्हणायचो, तो आता मोठा कारागीर झाला, त्याने काहून धरावे.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून बायकोला घरी सोडले आणि मी मोटरसायकल सरळ सावनेरकडे काढली. थंडीत जाऊ नका म्हणून नुकतेच सांगितले होते. हातमोजे न घालताच गेलो.

मिस्त्रीने काम सोडून काही वर्षे झाली आहेत. सावनेरला त्याचे घर आहे, मागे थोडे शेत. अंगणात उन्हात खाट टाकून तो बसला होता आणि शेजारी त्याचा मोठा भाऊ, अंगावर शाल, दोन्ही हात शालीत. त्या भावाला मी फक्त मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नात पाहिले होते, तेही लांबून. दोघांच्या मध्ये उकडलेल्या तुरीच्या शेंगांचे टोपले होते.

"अरे, कोन आलं पाय," मिस्त्री म्हणाला. "बस बस. शेंगा खा. काय बे, सुकला काहून इतका?"

मी बसलो. बोलायचे ते तोंडाशी आले होते, पण माझे डोळे त्याच्या हातांवर गेले. तो शेंग उचलत होता, अंगठ्याने फोडत होता, दाणे काढत होता आणि ते भावाच्या पुढ्यातल्या ताटलीत टाकत होता. एक दाणा स्वतःच्या तोंडात, बाकी ताटलीत. न पाहता, न थांबता, रोजच्या सवयीने. भावाने शालीतून हात काढला आणि दाणे तळहाताने गोळा केले. बोटांनी नाही. दोन बोटांची टोके बसलेली होती, नखे वाकडी, कातडी चकचकीत.

मी माझा हात पुढे केला. रस्त्यातल्या वाऱ्याने बोटे पांढरी झालीच होती. मिस्त्रीला म्हणालो, "दाबा नख."

त्याने पाहिले. दाबले नाही.

"दाबा. रोज दाबत होते नं?"

मिस्त्री शेंग फोडत राहिला. भावानेच वाकून माझा हात पाहिला आणि सहज म्हणाला, "मशीनवर होता का गा तू? माहेबी असेच झाले होते. पयले तीन, मंग सारे. डॉक्टरनं सांगतलं होतं, मशीन सोड अन् तंबाखू सोड, नाही तं जाईन बोट. नख दाबून पायचं त्यानंच शिकवलं. मी याले शिकवलं." त्याने मिस्त्रीकडे मान हलवली. "म्हणून तं याने मशीनले हात नाही लावला कधी. हुशार हाय लहानपणापासून."

त्या म्हाताऱ्याला आपण काय सांगितले हे कळले नव्हते. तो पुन्हा दाणे गोळा करू लागला.

मी मिस्त्रीला विचारले, "तुम्हाले मालूम होतं?"

"मालूम काय असते गा," तो म्हणाला. "एकाले होते, एकाले होत नाही."

"मले होऊन राहिलं हे तर दिसत होतं नं रोज?"

"बोट झोपलं की थांबवत होतो का नाही तुले? चहा पाजत होतो का नाही? दुसरा मिस्त्री असता तं म्हणला असता, चालव."

"अन् खर्रा?"

"तो तं तूच मागे."

हे खरे आहे. पुढे पुढे मी मागायचो. पण पहिला कोणी दिला, हे मी विचारले तेव्हा तो उठून आत पाणी आणायला गेला. पाणी आणायला त्याला फार वेळ लागला. परत आला तेव्हा म्हणाला, "सांगतलं असतं तं तू काय केलं असतं? मशीन सोडली असती. कापणारा हात तुझ्यासारखा कोणाचा नव्हता. अन् गावाले परत जाऊन काय केलं असतं तू? आज दुकान हाय तुझं."

मी पाण्याला हात लावला नाही. म्हणालो, "गेलो असतो का राहिलो असतो, ते मी ठरवलं असतं. सौदा होता तो, मिस्त्री. माल काय आहे ते झाकून तुम्ही सौदा केला." त्याला ही भाषा चांगली कळते. भरलेला तडा बोटाने ओळखायला मला त्यानेच शिकवले होते.

तो म्हणाला, "लय बोलते आता." बस एवढेच. परत येताना मोटरसायकलचा ब्रेक दाबला जातो की नाही हे मला हाताला कळत नव्हते, गाडी हळू झाली की कळायचे.

त्याला आता चार महिने झाले. खर्रा सोडला आहे. सोडताना मी घरात कोणाशी धड बोललो नाही, बायकोने ते दिवस मोजून ठेवले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, रंग परत यायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो आहे, तंबाखू गेल्याचा तो फायदा. स्पर्शाचे त्या काही बोलत नाहीत. मी विचारले की म्हणतात, पाहू. उन्हाळ्यात बोटे लाल राहतात, पण लाल बोटाला तडा कळतोच असे नाही. यार्डात आता मी टॉर्च घेऊन जातो, स्लॅबवर तिरपा उजेड टाकतो, पाणी ओतून पाहतो. भाव पाडताना आवाज तितकाच मोठा काढतो. समोरच्याला कळते की खाली काही उभे नाही. मागच्या आठवड्यात गेटापर्यंत परत गेलो तर कोणी हाक मारली नाही.

आणि एक गोष्ट सांगितली नाही तर मीही झाकून सौदा केल्यासारखे होईल. माझ्या दुकानात मशीनवर दोन माणसे आहेत, दोघेही संसारी. सावनेरहून आल्यावर तीन आठवडे मी त्यांना काही सांगितले नाही. काम जोरात होते. रोज ठरवायचो, उद्या सांगू. एका सकाळी त्यातल्या एकाने पाण्यातून हात काढला आणि हसत म्हणाला, "शेठ, बोट झोपलं." हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. मी त्याचा हात धरला आणि नख दाबले. रंग आला, पण सावकाश आला. त्या वेळी मला कळले की मिस्त्री मान तिरपी करून काय पाहत असे. माणूस अजून किती चालेल, ते पाहत असे. मीही तेच पाहत होतो.

मशीन बंद केले आणि दोघांना बसवून सगळे सांगितले, नळी, कडे, गार पाणी, तंबाखू. आता एकाने तासाभरापेक्षा जास्त मशीन धरायचे नाही, पाणी कोमट करून घ्यायचे, दुकानात खर्रा आणायचा नाही. त्यातला एक महिन्याभरात दुसऱ्या दुकानात गेला, तिथे असली कटकट नाही म्हणून. गेला तर गेला. त्याला माहीत आहे तो काय घेऊन गेला. दुसरा राहिला आहे. त्याने परवा मला विचारले, "शेठ, तुमच्या मिस्त्रीले मालूम होतं तं त्यानं काहून नाही सांगतलं?"

ते उत्तर मी द्यायचे नाही. मला मिस्त्रीकडून माफी नको, माफीने नळी सैल होत नाही. मिस्त्री, तू माझ्या दुकानात ये. या माणसासमोर बस, माझा हात घे, नख दाब आणि रंग यायला लागेल तितका वेळ तिथेच थांब. आणि मग सांग, अकरा वर्षे रोज सकाळी हे पाहून तू मला "घे मशीन" कसे म्हणत होतास. म्हातारा झालास म्हणून मी सोडणार नाही. उत्तर तुलाच द्यायचे आहे.